मुकीचा दीड पानाचा डायलॉग

११ नोव्हेंबर १९९६, सोमवार
आजपासून नवी वही. माझ्याशिवाय कोणी वाचू नये. (कुमुदिनी, तू बायको असलीस तरी हे तुझ्यासाठीच लिहिलं आहे.)
हेडमास्तर विठ्ठलरावांनी ऑफिसात बोलावून जिल्ह्याचं सर्क्युलर हातात दिलं. दर हायस्कूलने मुलांचं कलापथक काढायचं. वर्गातली चिडवाचिडवी, दादागिरी, घरातलं दुःख, परीक्षेची भीती, असल्या विषयांवर नाटक बसवून दुसऱ्या शाळांत, हॉस्टेलांत दाखवायचं. सव्वीस जानेवारीला आदिलाबादला निवड. निवडलेलं पथक फेब्रुवारीत हैदराबादला.
विठ्ठलराव म्हणाले, व्यंकटेश सर, तुम्हीच करा, दुसऱ्या कोणाला वेळ नाही. म्हणजे दुसऱ्या कोणाची लायकी नाही. समजणाऱ्याला समजतं.
आमची मराठी मीडियमची शाळा ह्या तेलुगू जिल्ह्याला आठवते ती मतमोजणीला खोल्या लागल्या की. आता आठवेल.
संकल्प : आजपासून कमी बोलायचं, मुलांचं जास्त ऐकायचं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
बालदिन. नाटक लिहून तयार. नाव ‘मुकी बोलली’. आई वारलेली एक मुलगी. दुःखाने बोलणं सोडते. वर्गातली मुलं तिला मुकी, मुकी म्हणून छळतात. शेवटी ती बोलते. तो शेवटचा डायलॉग दीड पानाचा आहे. कुमुदिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, चौदा वर्षांची पोरगी ‘हे निर्दय समाजबंधूंनो’ म्हणते काय? तिला नाटकातलं काय कळतं! ती रव्याचे लाडू चांगले करते.
मुकीच्या पार्टसाठी नववीतली मनकर्णा घेतली. मंडल ऑफिसातल्या अटेंडर, म्हणजे शिपाई, मोतीरामची मुलगी. हिची आई श्रावणात तापाने गेली. त्यामुळे अभिनय शिकवायचा त्रासच नाही. आई म्हटलं की डोळ्यांत पाणी तयार. असलं नशीब दिग्दर्शकाला रोज मिळत नाही.
छळणाऱ्यांची म्होरकी दहावीतली चारुशीला. आवाज खणखणीत, डोकं तल्लख.
मनकर्णाने तेलुगूच्या पद्मिनी टीचरकडून निरोप पाठवला की तिला झाडाचं काम द्यावं. मी समजावलं की बाई, झाडाला डायलॉग नसतो, तुला दीड पान आहे. गप्प राहिली. म्हणजे पटलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार
तालीम जोरात. पण मुलं तालीम संपली की हसतखेळत घरी जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आज नियम घालून दिले. फळ्यावर लिहिले.
सव्वीस जानेवारीपर्यंत मनकर्णाला सगळ्यांनी मुकीच म्हणायचं. शाळेत, रस्त्यात, नळावर. तिच्याशी कोणी गप्पा मारायच्या नाहीत. तिनेही शाळेत तोंड उघडायचं नाही. फारच काही सांगायचं असेल तर चिठ्ठीत लिहून पेटीत टाकावं.
पेटी ही माझी स्वतंत्र कल्पना. बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा, वर फट, पुढे ‘मनातलं सांगा’ अशी पट्टी. खेळ झाला की मुलांनी आपलं दुःख लिहून टाकायचं. आमच्या पथकातल्या पोरांनी रोज एक टाकायची, म्हणजे डबा भरलेला दिसतो. आजोबा निजामाच्या काळात पटवारी. कागद म्हटला की सीलबंद, असं आमच्या घराण्यात रक्तातच आहे. त्यांची पितळी मोहर घरी होती, ती शोधून झाकणावर लाख लावून चार ठिकाणी उठवली. आता कोणी म्हणायला नको की सरांनी मधेच फेरफार केला. पेटी उघडायची ती सव्वीस जानेवारीला, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, पंचांसमक्ष. विठ्ठलराव खूश झाले. म्हणाले, हे कायदेशीर आहे.
पद्मिनी टीचरने विचारलं, तोवर चिठ्ठ्या वाचणार कोण? ह्या बाईला मोहरेचा अर्थच ठाऊक नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार
आज एक सुंदर गोष्ट सुचली. हजेरीतही ‘मुकी’ म्हणूनच पुकारलं. ती बोलू शकत नाही, म्हणून अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, हजर! अंगावर काटा आला. असा ग्रुप ॲक्टिंगचा नमुना हैदराबादलाही नसेल.
रजिस्टरमध्ये मात्र खरंच नाव आहे. कागदाशी मी खेळ करत नाही.
संकल्प : सकाळी फिरायला जाणे. (उद्यापासून. आज फार थंडी.)

३ डिसेंबर, मंगळवार
मृत आईचं लुगडं स्टेजवर पाहिजे. छळणारी मुलं ते हिसकावून झेलाझेली करतात, असा सीन आहे. कुमुदिनीने जुनं लुगडं काढून दिलं, पण त्यात भावना नाही. मुकीला सांगितलं, तुझ्या आईचं आण. दोन दिवस आणलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रेमाने रागावलो. आणलं. हिरवं, बारीक काठाचं, घडी अजून कडक. तिने ते छातीशी असं काही धरलं की मी चारुशीलाला म्हटलं, बघ, ह्याला म्हणतात प्रॉपर्टी हँडलिंग.
तालमीनंतर लुगडं माझ्या कपाटात ठेवलं. हरवायला नको.

१० डिसेंबर, मंगळवार. उटनूर
आश्रमशाळेच्या हॉस्टेलात पहिला खेळ. तीनशे मुलं जमिनीवर. काहींना मराठी येत नव्हतं, पण छळाची भाषा सगळ्यांना कळते. चारुशीलाने ओढताना लुगडं फाटलं, वीतभर. फाटलेलं लाइटमध्ये फार छान दिसत होतं. पुढे असंच ठेवायचं.
थप्पडही खरी लागली. टाळ्या पडल्या.
एकच उणीव. पुढच्या रांगेतली पोरं मुकीबरोबर रडण्याऐवजी चारुशीलाबरोबर हसत होती. आणि शेवटचा डायलॉग मुकीने फार हळू म्हटला. अर्धं पान खाल्लं. जीपमध्ये परत येताना मी तिला आवाजाच्या फेकीवर गुडीहत्नूर येईपर्यंत मार्गदर्शन केलं. तिने बाहेर बघत ऐकून घेतलं. मुलं मागे ‘मुकी, मुकी’ गाणं म्हणत होती. चाल चारुशीलाची. गुणी मुलगी.
पेटी हलवून पाहिली. चांगली जड झाली आहे.

१६ डिसेंबर, सोमवार
पद्मिनी टीचर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर भांडली. म्हणाली, मनकर्णा डबा खायला संडासच्या मागे जाते, तुम्ही पाहिलं काय? मी म्हटलं, एकांत लागतो कलावंताला. ती म्हणाली, सर, ते नाटक बंद करा, नाहीतर हिचं काही तरी होऊन बसेल. मी म्हटलं, मॅडम, आपण दादागिरीच्या विरोधात काम करत आहोत, तुम्ही कोणाच्या बाजूने? गप्प झाली. मुद्द्याचं बोललं की माणूस गप्प होतोच.
तरी मी मनाने मोठा. मधल्या सुट्टीत मुकीला बोलावून विचारलं, काही त्रास आहे काय? ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्याच लक्षात आलं, नियमाप्रमाणे ती बोलणार कशी! मीच तिची परीक्षा घेतली आणि ती पास झाली. शाबासकी दिली. ती पेटीकडे बोट दाखवत होती. म्हटलं, हो हो, टाक, रोज टाक.

२१ डिसेंबर, शनिवार
आज शेजारच्या प्राथमिक शाळेतली तिसरी-चौथीची चिल्लीपिल्लीसुद्धा फाटकापाशी ‘मुकी आली, मुकी आली’ ओरडत होती. मी त्यांना कधी शिकवलं नाही. नाटकाचा प्रचार आपोआप होतो आहे.
मुकीची एक वेणी अर्ध्यातून कापलेली. मी चारुशीलाला विचारलं, हा गेटअप कोणाचा? ती हसून म्हणाली, तिनेच केला असेल, सर. विचार करणारी मुलगी निघाली! मुकीला दुसरी वेणी तशीच ठेव म्हणून सांगितलं, विषमता चांगली दिसते.
घरी सांगितलं तर कुमुदिनी लाटणं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, अहो, स्वतःची वेणी कोणती मुलगी कापते? तुम्हाला मुलगी असती म्हणजे कळलं असतं. ती पोळी माझ्या ताटात करपलेली आली.
झोप नीट लागली नाही. पोळीमुळे.

४ जानेवारी १९९७, शनिवार
नव्या वर्षाचा संकल्प : कमी बोलणे, जास्त ऐकणे. (मागचा चालूच आहे, फक्त नवा केला.)
मोतीराम शाळेत आला. जयभीम सर म्हणाला, मी नमस्कार म्हटलं. खुर्ची दिली, बसला नाही. टोपी हातात. म्हणे, सर, पोरगी घरी बी बोलून नाही राह्यली. पंधरा दिस झाले. माय मेली तवा बी बोलत होती जी, रातभर बोलत होती. आता पानी पायजे तर लोटा दाखवते. काऊन असं झालं, सर?
मी त्याला शांतपणे समजावलं की ह्याला तन्मयता म्हणतात. मोठे नट महिनोन् महिने भूमिकेतून बाहेर येत नाहीत. सव्वीसला दीड पान बोलेल, मग तुम्हीच म्हणाल, हिला आता गप्प करा. तो म्हणाला, खरंच बोलन न सर? मी म्हटलं, लिहून देतो. त्याने खरंच कागद पुढे केला. मी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना तो म्हणाला, तिच्या मायचं हिरवं लुगडं घरच्या पेटीत दिसून नाही राह्यलं, तिले विचारलं तर रडते. मी म्हटलं, सापडेल.
लुगडं माझ्या कपाटात आहे, हे मला सांगता आलं असतं. पण मग फाटल्याचंही सांगावं लागलं असतं.

१३ जानेवारी, सोमवार
उद्यापासून संक्रांतीची सुट्टी. आज शेवटची तालीम. सगळं चोख. फक्त शेवटचा डायलॉग मुकीने म्हटला नाही. उभी राहिली, ओठ हलले, आवाज नाही. तीन वेळा घेतलं. चौथ्यांदा तेही हलले नाहीत.
मुलं हसली नाहीत. हे जरा विचित्र वाटलं. चारुशीला खाली बघून नखं खात होती.
मी जाणलं, मुकी आवाज राखून ठेवते आहे. खरा कलावंत तालमीत सगळं खर्च करत नाही.
संक्रांत उद्या, पण कुमुदिनी आजच तिळगूळ घेऊन मुकीच्या घरी गेली होती. ‘गोड बोला’ म्हणून दिला, तिने घेतला आणि मुठीत धरून बसली, तो वितळला, असं सांगत होती. सांगताना हिचाच आवाज फुटत होता. बायका फार हळव्या असतात.

२६ जानेवारी, रविवार. आदिलाबाद
आज इतिहास घडला. घाईत लिहितो.
हॉल गच्च. पहिल्या रांगेत जिल्ह्याचे मोठे अधिकारी, प्रमुख पाहुणे. मोतीराम मागे, भिंतीशी उभा. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.
सगळे सीन रंगले. फक्त लुगडं हिसकावायच्या जागी चारुशीलाने ते हिसकावलंच नाही. हातात घेतलं आणि हळूच परत दिलं. मी विंगेतून किती खुणा केल्या! ऐनवेळी माती खाल्ली पोरीने.
मग शेवटचा डायलॉग. मुकी मध्ये, लाइट तिच्यावर. मी विंगेतून प्रॉम्प्ट केलं, ‘हे निर्दय समाजबंधूंनो’. नाही. पुन्हा केलं. नाही. मागून मोतीरामचा आवाज आला, बोल न माय. ती बापाकडे बघत होती. घशात काही हलताना दिसत होतं, पण बाहेर येत नव्हतं.
मी निर्णय घेतला. विंगेतून, बारीक आवाज काढून, दीड पान मीच म्हटलं. एक शब्द गाळला नाही. लोकांना वाटलं, हा तिच्या आत्म्याचा आवाज. हॉल उभा राहिला. दोन मिनिटं टाळ्या! प्रमुख पाहुण्यांनी डोळे पुसले.
मग पेटी. मोहर तपासली, पंचांच्या सह्या झाल्या. पाहुण्यांनी वरून एक चिठ्ठी काढली. कोरी. दुसरी काढली. कोरी. तिसरी, चौथी, दहावी. सगळ्या नीट चार घड्या घातलेल्या आणि कोऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइकवर म्हटलं, साहेब, ह्याचा अर्थ आमच्या पथकामुळे मुलांना आता काही प्रॉब्लेमच उरलेला नाही. पुन्हा टाळ्या.
पद्मिनी टीचरने मुकीला स्टेजवरून उचलून घेतल्यासारखं नेलं. मोतीराम मला भेटला नाही. मीच बिझी होतो.

२७ जानेवारी, सोमवार
शाळेला दांडी. अंग कसकसतं आहे.
दुपारी पेटी पूर्ण ओतली. पद्मिनी टीचर काल एवढंच म्हणाली होती, खालच्या वाचा. मी ठरवलं होतं की तिच्या सांगण्यावरून वाचायच्या नाहीत. मग वाचल्या.
हॉस्टेलच्या : भात कच्चा असतो. एकाला स्वेटर पाहिजे. चारुशीलाच्या सुरुवातीच्या : वर्गात पंखा नाही. नंतरची एक : सर, आता पुरे करू या काय, मला भीती वाटते. तारीख एकवीस डिसेंबर.
पथकातल्या इतर पोरांनी आठवड्यातच टाकणं सोडलेलं. बाकीच्या एकाच हाताच्या. ‘ण’ची दांडी खाली लांब ओढलेली. किती वेळा लाल शाईने दुरुस्त केला आहे मी तो ‘ण’.
तळातली पहिली : सर, मला हा पार्ट नको. मी झाडच होईन.
मग : सर, लुगडं परत द्या. बाबाला मी सांगितलं नाही.
मग : तालीम संपली तरी मुकी म्हणतात. तुमीबी म्हणता.
मग : चारुशीलाने अन् तिघींनी धरून वेणी कापली. मी ओरडले नाही, तुमचा नियम होता.
मग : सर, तुमी चिठ्ठ्या वाचता न?
मग : सर, माझं नाव मनकर्णा आहे.
हीच पुन्हा. पुन्हा. मग नुसतं मनकर्णा. नऊ वेळा. त्याच्यावरच्या कोऱ्या.
कुमुदिनी शेजारी बसून वाचत होती. रडत होती. मला काही बोलली नाही. मला वाटत होतं, काही तरी बोलावं.

२ फेब्रुवारी, रविवार
हैदराबादसाठी आमचं पथक निवडल्याचं पत्र काल आलं. विठ्ठलरावांनी पेढे वाटले.
मनकर्णाचा दाखला मोतीरामने शुक्रवारीच नेला. मावशीकडे, बेज्जूरला पाठवली.
प्रामाणिकपणे लिहितो : पत्र बघून मला आधी आनंद झाला. मग वाटलं, पार्ट दुसऱ्या कोणाला द्यावा. चारुशीलाला विचारलं. ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, नको सर, मला मुकी नका करू. आठवीतल्या तिघींना विचारलं. एक तर रडायलाच लागली. अख्ख्या शाळेत एक मुलगी तयार नाही. म्हणजे सगळ्यांना कळत होतं. तिसरीतल्या पोरांनासुद्धा.
हैदराबादला नकार कळवला. कारण : दिग्दर्शकाची प्रकृती.

१६ फेब्रुवारी, रविवार. बेज्जूर
माफी मागायला आलो. लुगडं कुमुदिनीने रफू करून दिलं, वीतभर जागा बोटाने चाचपल्याशिवाय कळत नाही. कागजनगरला बस बदलली. वाटभर माफीचं भाषण पाठ केलं. आधी एक पान झालं होतं, कापून चार ओळी केल्या. शेवटी ठरवलं, भाषण नाहीच. फक्त नाव घ्यायचं आणि लुगडं हातात द्यायचं. पहिल्यांदाच कमी बोलायचा संकल्प पाळणार होतो.
घर सापडलं. कुडाच्या आडोशाला थांबलो, आत अंगणात पोरी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आणि आवाज आला. तिचा! कुणाला तरी सांगत होती, अवो तसं नाही, वल्या शेंगा बाजूले ठेव, असं माय म्हणत जाय. मग हसली. मी तिला हसताना कधी ऐकलंच नव्हतं. कुडाला धरून उभा राहिलो. डोळ्यांना धार लागली. वाटलं, देवा, वाचलो. तिच्यासाठी नाही, आधी स्वतःसाठीच वाटलं, तेही लिहून ठेवतो.
ऐकत उभं राहिलो असतो तरी चाललं असतं. पण आनंद मावेना. धावतच आत गेलो आणि हाक मारली.
मुकी!
माझ्याच तोंडून. दोन महिने रोज हजेरीत पुकारलेली, आपोआप आली.
आवाज तिथेच थांबला. ती उठली, हातातल्या शेंगा खाली ठेवल्या, आत गेली. दार लोटलं. मावशी, चंद्रभागाबाई, सूप घेऊन बाहेर आली. म्हणाली, कोन मुकी जी? आमच्या घरी मुकी कोनी नाही. एका लहान पोरीने विचारलं, मुकी म्हंजे काय व्हय? मावशीने तिला गप्प केलं.
बसायला खाट दिली. चहा दिला. अर्धा तास बसलो. आतून भांडंसुद्धा वाजलं नाही. लुगडं खाटेवर ठेवलं आणि निघालो.
बस पाचला आहे. मी साडेतीनपासून स्टँडवर बसलो आहे. बाजूला कोणी नाही बघून चार वेळा म्हणून पाहिलं : मनकर्णा. मनकर्णा. आता बरोबर येतं आहे.